एफडी मोडू नका. आधी तिचा व्हिसा सांभाळा

पत्र :
मी कोथरूडला राहते. बँकेतून निवृत्त झाले आहे, एकटीच असते. माझ्याकडे वरच्या खोलीत एक अफगाण मुलगी भाड्याने राहते. मूळची मझार-ए-शरीफची, हजारा या अल्पसंख्य शिया मुस्लिम समाजातली. २०१९ मध्ये आयसीसीआर या केंद्र सरकारच्या संस्थेच्या शिष्यवृत्तीवर पुण्यात आली, बीएस्सी झाली, मध्ये थोडा खंड पडला आणि आता एमएस्सी कॉम्प्युटर सायन्सचं शेवटचं सत्र चालू आहे. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रात्री उठून तिनेच माझं केलं. आता मी तिला भाडेकरू म्हणत नाही.

तिचा व्हिसा जुलैत संपतो आणि पासपोर्ट पुढच्या वर्षी. घरी परत जाणं शक्य नाही. आई आणि धाकटा भाऊ २०२१ पासून दिल्लीत भोगलला आहेत. त्यांच्याकडे यूएनएचसीआर या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं कार्ड आहे, हिच्याकडे नाही. मोठा भाऊ अमेरिकन सैन्याबरोबर दुभाष्या होता, तो आता अमेरिकेत असतो. लाजपतनगरच्या एका एजंटाने हिला कॅनडाला पाठवायचे सहा लाख सांगितलेत, त्यातले दोन लाख आगाऊ, या महिनाअखेरपर्यंत. त्याने दिलेल्या कागदाची प्रत सोबत पाठवते आहे. मी एफडी मोडायला तयार आहे. मोडू का? एखादं सरकार अशा मुलींना मदत करतं का, आणि आपलं सरकार काही करेल का? मेलबर्नला असलेल्या भाचीचा काही उपयोग होईल का? माझा पुतण्या कागदोपत्री लग्नाला तयार आहे, तो मार्ग कसा? आणि पासपोर्टसाठी तिने मुंबईच्या वकिलातीत जावं का?
– कोथरूडची एक वाचक

उत्तर :
प्रिय ताई,

महिनाअखेर जवळ आहे म्हणून आधी पैशांचं सांगते. देऊ नका. दोन लाख आगाऊ तर नाहीच, ‘फाइल उघडायचे’ म्हणून पाच-दहा हजारसुद्धा नाहीत.

तुम्ही पाठवलेला कागद मी नीट पाहिला. वरचं निळं बोधचिन्ह कडांना फाटल्यासारखं दिसतं, म्हणजे कुठून तरी उचलून मोठं केलेलं आहे. खाली ईमेलचा पत्ता आहे तो जीमेलचा. ‘नव्वद दिवसांत कॅनडा, शंभर टक्के हमी’ असं ठळक छापलंय. आणि मुलीच्या नावासमोर यूएनएचसीआरचा म्हणून एक केस क्रमांक टाकलाय. ताई, तुम्हीच लिहिलंय की तिची तिथे नोंद नाही. जिची नोंदच नाही तिचा क्रमांक आला कुठून? हा एक प्रश्न तिला त्या माणसाला विचारू दे.

संयुक्त राष्ट्रांच्या या निर्वासित संस्थेचं कुठलंही काम फुकट असतं. नोंदणी, मुलाखत, कार्ड, दुसऱ्या देशाकडे शिफारस, कशालाच पैसे लागत नाहीत. कॅनडात खासगी प्रायोजकांमार्फत निर्वासितांना बोलावण्याची योजना आहे हे खरं, आणि एजंट लोक तिचंच नाव घेतात. पण प्रायोजकाने निर्वासिताकडून पैसे घेणं त्या योजनेतच मना आहे. तिथल्या पाच जणांनी मिळून एखाद्या कुटुंबाला बोलावायचं, हा तिचा सर्वांत प्रसिद्ध प्रकार. त्यासाठी निर्वासित म्हणून मान्यता मिळाल्याचा कागद आधी हातात लागतो आणि तो या मुलीकडे नाही. शिवाय या प्रकाराचे नवे अर्ज घेणं कॅनडाने २९ नोव्हेंबर २०२४ पासून थांबवलं. ते पुन्हा सुरू झालंय असं कुणी म्हणालं तर कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नका. तिथल्या काही मान्यताप्राप्त संस्थांना ठरावीक कोट्यात माणसं बोलावता येतात. तोही मार्ग फुकटच आहे.

एक चौकशी मात्र आजच करा. तिच्या आईने भोगलमध्ये त्या माणसाला आधीच काही दिलेलं नाही ना? अशा घरांत आया दागिने मोडून देतात आणि मुलींना सांगत नाहीत. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करा आणि यूएनएचसीआरलाही कळवा. तक्रार केल्याने तिच्या केसवर वाईट परिणाम होईल अशी भीती हीच माणसं पसरवतात. तसं होत नाही.

आता सरकारांचं. तुम्हाला खोटी आशा दाखवणं म्हणजे त्या एजंटाचंच काम मी केल्यासारखं होईल, म्हणून जसं आहे तसं लिहिते. निर्वासिताला तिसऱ्या देशाने कायमचं घेणं हा कुणाचा हक्क नाही, ते त्या देशाच्या मर्जीवर असतं. त्यासाठी अर्जही करायचा नसतो. यूएनएचसीआर आपल्याकडच्या नोंदींतून माणसं निवडतं आणि देशांकडे शिफारस करतं. जगभरातल्या निर्वासितांपैकी एका वर्षात एक टक्काही लोकांना अशी जागा मिळत नाही. आधी नोंदलेल्याचा नंबर आधी लागतो असंही नाही. जिवाला किंवा कायदेशीर धोका, छळ सोसलेला असणं, इथे उपचार न होणारा आजार, धोक्यात असलेल्या स्त्रिया आणि मुली, एकटी मुलं, विखुरलेलं कुटुंब, आणि आहे त्या देशात पुढे काहीच भवितव्य नसणं, अशा निकषांवर निवड होते. तुमच्या मुलीला यातले दोन-तीन लागू होऊ शकतात. पण ते कागदावर आणल्याशिवाय कुणाला दिसणार नाहीत.

१५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं तेव्हा बरेच देश पुढे आले होते. कॅनडाने चाळीस हजार अफगाणांना घ्यायचं ठरवलं आणि २०२३ मध्ये तो आकडा पुरा केला. ब्रिटनच्या दोन योजना होत्या, एक आपल्या सैन्याबरोबर काम केलेल्यांसाठी आणि दुसरी धोक्यातल्या नागरिकांसाठी. दोन्हींचे नवे अर्ज १ जुलै २०२५ ला बंद झाले. जर्मनीची २०२२ मधली खास योजना अफगाणिस्तानातच अडकलेल्यांसाठी होती, म्हणजे पुण्यातल्या मुलीला ती तेव्हाही लागू नव्हती. २०२५ मध्ये नव्या सरकारने तीही थांबवली. ज्यांना येऊ देण्याचं लेखी वचन दिलं होतं अशी माणसं पाकिस्तानात खोळंबली, त्यांनी बर्लिनच्या न्यायालयात दाद मागितली, तेव्हा त्यांतल्या काहींना विमानात बसता आलं. वचन देऊन माणसांना परक्या देशात ताटकळत ठेवणं आणि मग कोर्टात खेचायला लावणं, याचा मला मनापासून राग येतो.

अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये निर्वासितांना घेण्याचा आपला कार्यक्रमच थांबवला आणि नंतर वर्षाची मर्यादा साडेसात हजारांवर आणली. आधीच्या सरकारच्या काळात ती सव्वा लाख होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये वॉशिंग्टनला नॅशनल गार्डच्या दोन जवानांवर गोळीबार झाला, त्यात एका अफगाण माणसाला अटक झाली आणि त्यानंतर अफगाण पासपोर्टवर व्हिसा देणंच थांबवण्यात आलं. एका माणसाच्या कृत्यासाठी सगळ्यांना दार बंद. त्यातच, भावाने सैन्यात काम केलं म्हणून बहिणीला जाता येईल ही समजूत मुळातच चुकीची आहे. दुभाष्यांच्या त्या खास व्हिसात बायको आणि एकवीस वर्षांखालची अविवाहित मुलं बसतात. आई-वडील, भावंडं बसत नाहीत. भाऊ पुढे अमेरिकन नागरिक झाला तर त्याला आईसाठी अर्ज करता येतो. बहिणीसाठीही करता येतो, पण भावंडांच्या वर्गात दहा वर्षांहून जास्त थांबावं लागतं. तेव्हा त्याला नागरिकत्वाच्या मागे लागू दे, पण हिचं आजचं नियोजन त्यावर उभं करू नका.

म्हणून माझं सांगणं असं : परदेशाचे मार्ग चाचपडत राहायचेच, पण तोवर तिचं इथलं राहणं एक दिवसही बेकायदा होऊ द्यायचं नाही. बाकी सगळं यावर उभं आहे. भारत निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या करारात सामील नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे यूएनएचसीआरचं कार्ड उपयोगी असलं तरी ते म्हणजे व्हिसा नव्हे. १ सप्टेंबर २०२५ पासून परकीय नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झालाय. त्यात मुदत संपल्यावर राहणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि उद्या एखाद्या देशाने तिला घेतलंच, तरी भारत सोडताना इथल्या अधिकाऱ्यांची परवानगी लागते. मागची मुदतबाह्य वर्षं तेव्हा हिशेबाला येतात. हातात दुसऱ्या देशाचा व्हिसा असून या परवानगीसाठी चकरा मारणारी माणसं दिल्लीत आहेत.

पुण्यात व्हिसाच्या मुदतवाढीचं काम पोलीस आयुक्तालयातल्या परकीय नागरिक नोंदणी कक्षाचं आहे, अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. जुलैची वाट बघू नका. निकाल लागायच्या आधीच तिने विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी केंद्रात जावं आणि पुढच्या प्रवेशाचं विचारावं, पीएचडी किंवा दुसरा एखादा अभ्यासक्रम. प्रवेश आणि बोनाफाइड हातात असेल तर विद्यार्थी व्हिसाची मुदत वाढवून मागायला भक्कम कारण मिळतं. तुमच्या एफडीतला पैसा लावायचाच असेल तर तो या फीला लावा. वाया जाणार नाही, आणि दोन-तीन वर्षं मिळतील.

आणि ताई, यात तुमच्याकडेही एक जबाबदारी आहे. घरात परकीय नागरिक ठेवणाऱ्याने त्याची माहिती कळवणारा फॉर्म (आजवरचा ‘सी फॉर्म’, २०२५ च्या नव्या नियमांत ‘फॉर्म ३’) भरायचा असतो, माणूस राहायला आल्यापासून चोवीस तासांत. पुष्कळ घरमालकांना पोलीस पडताळणी झाली की सगळं झालं असं वाटतं. भाडेकरार नोंदवलेला आहे का, दरवर्षी नवा झालाय का, त्यावर तिचं नाव पासपोर्टवर आहे तसंच आहे का, हे एकदा बसून तपासा. मुदतवाढीच्या अर्जात राहण्याचा पुरावा म्हणून हाच कागद लागतो, आणि मालकाने आळस केला म्हणून अर्ज परत आल्याची उदाहरणं मला ठाऊक आहेत.

भारत सरकारकडून आणखी काय मिळू शकेल? २०११ पासून गृह मंत्रालयाची एक कार्यपद्धती आहे. मायदेशी वंश, धर्म, लिंग, राजकीय मत अशा कारणांनी छळाची साधार भीती असलेल्या परकीय नागरिकाला दीर्घ मुदतीचा व्हिसा देण्याचा विचार तिच्यानुसार होऊ शकतो. तो मिळाला तर खासगी नोकरीही करता येते. सहज मिळत नाही. पण मागितला जातो आणि मागायला हवा. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचं तिला कुणी सांगितलं असेल तर तो विषय सोडून द्या. तो अफगाणिस्तानातल्या मुस्लिमांना लागू नाही आणि ३१ डिसेंबर २०१४ नंतर आलेल्या कुणालाच नाही. तिसऱ्या देशात पाठवण्याची भारत सरकारची योजना नाही. त्यामुळे खासदारांना पत्र लिहिणार असाल तर ‘हिला कॅनडाला पाठवा’ असं लिहू नका, ‘हिच्या व्हिसाची मुदतवाढ वेळेत निकाली काढावी’ असं लिहा. त्या पत्राचा उपयोग होऊ शकतो.

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत छावण्यांतून सुटून इराणमार्गे आलेली जवळपास पाच हजार पोलिश माणसं कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिली होती, बहुतेक बायका आणि मुलं. १९४३ ते १९४८. त्यांनाही परत जायला घर उरलं नव्हतं. त्यांची पुढची सोय लागली ती मुख्यतः सरकारांनी ठरवलं म्हणून. ब्रिटनने १९४७ मध्ये पोलिश लोकांच्या पुनर्वसनासाठी कायदाच केला. पण तोवरची पाच वर्षं ती माणसं तग धरू शकली, कारण इथे त्यांना शाळा, दवाखाना आणि कायदेशीर आसरा होता. तुम्ही जे करताय ते याच जातीचं काम आहे, म्हणून हे आठवलं.

आता यूएनएचसीआरची नोंदणी. ‘मी तर विद्यार्थिनी, मला कशाला कार्ड’ असं या मुलींना वाटतं, आणि ते मी समजू शकते. निर्वासित हा शिक्का कुणालाच हवासा नसतो. पण २० डिसेंबर २०२२ ला तालिबानने मुलींना विद्यापीठं बंद केली, त्याआधीच माध्यमिक शाळा बंद केल्या होत्या. हजारा समाजावर होणारे हल्ले वेगळेच. एमएस्सी झालेली, एकटी राहिलेली, भाऊ अमेरिकन सैन्यात दुभाष्या असलेली हजारा मुलगी परत गेली तर काय होईल हे सांगायला नको. तिने दिल्लीच्या कार्यालयाशी संपर्क करून नोंदणीची वेळ घ्यावी. त्याआधी तिथे निर्वासितांना मोफत कायदेशीर सल्ला देणाऱ्या संस्था आहेत, त्यांतल्या एखाद्या वकिलाला विद्यार्थी व्हिसा चालू असताना हा अर्ज कसा करावा ते विचारून घ्यावं. ती सज्ञान असल्याने तिची केस वेगळी होईल, पण आईच्या केसला ती जोडून घ्या असं स्पष्ट सांगायला हवं. हे राहून जातं आणि मग आई एका देशात, मुलगी दुसरीकडे अशी ताटातूट होते. आईच्या कार्डावरचा क्रमांक तिने जवळ ठेवावा. आईने आपल्या मुलाखतीत हिच्याविषयी काय सांगितलंय तेही माहीत करून घ्यावं.

मुलाखतीची तयारी म्हणजे काही रचून सांगणं नव्हे. खरं जे घडलं ते नीट लावणं, आणि अफगाण कागदांच्या बाबतीत हे सोपं नसतं. त्यांच्या ओळखपत्राला तझकिरा म्हणतात. जुन्या तझकिऱ्यावर जन्मतारीख नसतेच. अमुक साली अमुक वर्षांची, एवढंच लिहिलेलं असतं. सालही त्यांच्या सौर हिजरी पंचांगाचं. आपल्या राष्ट्रीय सौर शकासारखंच ते मार्चच्या विशीत बदलतं, तेव्हा १३८० म्हणजे मार्च २००१ ते मार्च २००२. मग पासपोर्ट काढताना कुणीतरी १ जानेवारी घालून देतं, शाळेच्या दाखल्यावर तिसरीच तारीख येते. आडनाव बऱ्याच जणांना नसतं, ते पासपोर्टपुरतं घेतलेलं असतं. आईच्या फाइलमध्ये एक स्पेलिंग, हिच्या मार्कशीटवर दुसरं. मुलाखत घेणाऱ्याला यातून खोटेपणाचा वास येऊ शकतो. म्हणून एका रविवारी तुमच्या डायनिंग टेबलवर सगळे कागद पसरा. एका वहीत घटना क्रमाने लिहा, त्यांची तारीख, आपली तारीख, आणि दोन कागदांत फरक असेल तिथे का आहे ते. बँकेत आयुष्य काढलेल्या बाईला ताळेबंद जुळवणं मी काय शिकवणार! हे काम तुमच्याइतकं चांगलं कुठलाच एजंट करणार नाही.

पासपोर्टचं जपून. मुंबईच्या अफगाण वकिलातीत २०२४ च्या नोव्हेंबरपासून तालिबानने नेमलेला माणूस काम पाहतोय. ज्या राजवटीपासून संरक्षण मागायचं तिच्याच प्रतिनिधीसमोर घरचा पत्ता आणि भावाचं नाव लिहून द्यायचं का, याचा निर्णय तिने घाईत घेऊ नये. वकिलाला विचारल्याशिवाय तिथे जाऊ नये. पासपोर्ट संपला म्हणजे सगळं संपलं असं नाही. दुसऱ्या देशाने स्वीकारलेल्या निर्वासिताकडे पासपोर्ट नसेल तर रेडक्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती एका प्रवासापुरतं कागदपत्र देते, तेही विनामूल्य.

तुमच्या मेलबर्नच्या भाचीचा तुम्ही जाता जाता उल्लेख केलाय, पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटला. ऑस्ट्रेलियाच्या मानवतावादी व्हिसात ‘२०२’ नावाचा प्रकार आहे. त्यात तिथला नागरिक किंवा कायम रहिवासी आपल्या नावाने एखाद्याची शिफारस करू शकतो. मायदेशात गंभीर स्वरूपाचा भेदभाव सोसावा लागणारी आणि मायदेशाबाहेर असलेली व्यक्ती त्यात बसते. धोक्यातल्या स्त्रियांसाठी ‘२०४’ हा वेगळा प्रकार आहे. अर्जाला शुल्क नाही, फॉर्म संकेतस्थळावर मिळतात. मुलीचा ८४२ क्रमांकाचा, शिफारस करणाऱ्याचा ६८१ क्रमांकाचा. पण ‘२०२’ मध्ये विमानाचं भाडं आणि सुरुवातीला बस्तान बसवायचा भार शिफारस करणाऱ्यावर पडतो, आणि जागांच्या कितीतरी पट अर्ज येत असल्याने वर्षानुवर्षं उत्तर येत नाही. नकार येण्याचीच शक्यता जास्त. तिथे जवळचं नातं असलेल्यांना प्राधान्य मिळतं, हेही भाचीला आधी सांगा. तरीसुद्धा अर्ज करावा असं माझं स्पष्ट मत आहे. मेलबर्नच्या मराठी मंडळींतली दोन-चार कुटुंबं मिळून भार वाटून घेतील का, हे भाचीने विचारायला काहीच हरकत नाही.

युरोपबद्दल एक मोठी गोष्ट झालीय. ४ ऑक्टोबर २०२४ ला युरोपीय संघाच्या न्यायालयाने निकाल दिला की, अफगाण स्त्रीला निर्वासित ठरवताना ती स्त्री आहे आणि अफगाण आहे एवढं पाहणं पुरेसं ठरू शकतं. पण तो लागू होतो युरोपच्या भूमीवर पोचल्यानंतर, आणि पोचायचा व्हिसा द्यायचा की नाही हे दूतावास ठरवतो. फ्रान्स दूतावासामार्फत काही जणांना आश्रयासाठी व्हिसा देतो, तोही सर्वस्वी त्यांच्या मर्जीवर. अर्ज करून ठेवता येईल. पण हा निकाल दाखवून कुणी तुर्कस्तानमार्गे, बोटीने, ट्रकने वगैरे बोलू लागलं तर तो माणूस तिचा जीव घ्यायला निघालाय असं समजा.

तुमच्या मुलीच्या बाबतीत मला सर्वांत जास्त आशा वाटते ती शिक्षणाच्या मार्गाची. तिच्या हातात पुणे विद्यापीठाची संगणकशास्त्राची पदवी आहे, जी भोगलमधल्या तिच्या बहुतेक मैत्रिणींकडे नाही. युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडस शिष्यवृत्तीत फी, प्रवास आणि राहण्याचा खर्च सगळं येतं आणि अफगाण नागरिक अर्ज करू शकतात. अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत घेतले जातात, म्हणजे तिला तयारीला वेळ आहे. जर्मनीत डाड ही संस्था धोक्यातल्या विद्यार्थ्यांसाठी ‘हिल्डे डोमिन’ नावाचा कार्यक्रम चालवत आली आहे. त्यात नाव सुचवावं लागतं ते जर्मनीतल्या संस्थेने. तिने आपल्या विषयातल्या प्राध्यापकांना थेट लिहावं, एकाला नाही, पंचवीस जणांना. यूएनएचसीआरच्या संकेतस्थळावर निर्वासितांना खुल्या असलेल्या शिष्यवृत्त्यांचं एक वेगळं पान आहे, तेही बघत राहावं. स्वखर्चाने जर्मनीला जायचं तर वर्षाच्या खर्चापोटी जवळपास बारा हजार युरो खात्यात अडकवून दाखवावे लागतात. ती रक्कम तुमच्या एफडीच्या पलीकडची असावी, आणि त्या वाटेला तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं. एक पथ्य मात्र सगळीकडे पाळावं : निर्वासित म्हणून नोंद आहे का, कुठल्या देशाने नकार दिलाय का, असं अर्जात विचारलं तर खरं तेच लिहायचं. देश एकमेकांत माहिती तपासतात. नकार आला तर पुन्हा अर्ज करता येतो, पण लपवाछपवी उघड झाली तर ती कायमची फाइलमध्ये राहते.

राहिला पुतण्या. त्याचा हेतू चांगला असेल, मी शंका घेत नाही. पण कागदावरचं लग्न हे पोलिसांच्या दृष्टीने फसवणूक आहे, आणि त्याने तिला नागरिकत्वही लगेच मिळत नाही. भारतीयाशी लग्न झालेल्या परकीय व्यक्तीला सात वर्षं इथे राहिल्यावरच त्यासाठी अर्ज करता येतो. ती सात वर्षं तिचं इथलं राहणं एका पुरुषाच्या सहीवर अवलंबून राहील. तो आज भला आहे, उद्या त्याला खरंच लग्न करावंसं वाटलं तर? तिला कुणी आवडलं तर? आणि ताई, तुमच्या पत्रात पुतण्या तयार आहे असं आहे, तिचं म्हणणं काय आहे हे कुठेच नाही. हा बेत सोडून द्या, आणि घरात तो विषय निघाला असेल तर तो संपलाय असं तुम्ही स्वतः तिला सांगा, म्हणजे तिला भाड्याच्या खोलीत अवघडल्यासारखं होणार नाही.

पत्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने तुम्ही विचारलंय की यातलं किती तिला सांगायचं, तिची परीक्षा तोंडावर आहे. सगळं सांगा. पंचविशीची बाई आहे, तिने काबूल पडताना फोनवर ऐकलंय, ती तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त सोसू शकते. तिच्या पाठीमागे ठरवलेल्या गोष्टींचा तिला त्रास होईल. परीक्षेचे पंधरा दिवस एजंटाचे फोन तुम्ही घ्या आणि ‘सध्या विचार नाही’ एवढंच बोला. परीक्षा झाली की दुसऱ्या दिवशी आंतरराष्ट्रीय केंद्र, त्याच आठवड्यात मुदतवाढीचा अर्ज, आणि मग दिल्लीचं रेल्वे तिकीट. जमलं तर तुम्हीही जा बरोबर, तिच्या आईला भेटा. अर्जाची पोच मिळाली की तिची एक झेरॉक्स तुमच्याकडे आणि एक आईकडे ठेवा, आणि दिल्लीत वकील काय म्हणाले ते मला कळवा. त्यावरून पुढचं सांगेन.